कमलताईंची लावणी

“शेत पडीक राहिलं तर लोक हसत्यात. म्हनून म्या लावतो म्हनलं. त्यात वाईट काय?”

दत्तूभाऊ पडवीत बसून मला समजावत होते. त्यांची विधवा भावजय कमलताई आत चहा करत होत्या. मला चहा नको होता. दत्तूभाऊंना द्यायला उत्तर हवं होतं.

मी तेव्हा समाजकार्याच्या, एमएसडब्ल्यूच्या, दुसऱ्या वर्षाला होते. भोरची मुलगी, म्हणून फील्डवर्क गुंजवण्याजवळच्या वाडीत मिळालं. फील्डवर्क म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस गावात जाऊन लोकांबरोबर काम करायचं. कमलताई माझी केस. नवरा उन्हाळ्यात गेला. आता भाताची रोपं लावणीला आली होती आणि एकट्या बाईला खाचर लावणं जमणारं नव्हतं. दिरानं एकदा शेत कसायला घेतलं की ते परत येणार नाही, हे सगळी वाडी जाणून होती. कमलताईसुद्धा.

तिथे लावणी इर्जिकीनं होते. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. यंदा कमलताईंचं नाव कुणीच काढत नव्हतं.

रेंजसाठी टेकडीवर चढून मी कॉलेजच्या सुपरवायझर मॅडमना फोन लावला. “मॅडम, आपला वर्ग आणूया. दिवसात लावून टाकू.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षीचं नंतर बघू ना. रोपं पिवळी पडतायत.”

“पुढच्या वर्षी तू तिथे नसशील,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला.

बसवेना, म्हणून घरोघर फिरले. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, “आमी कशाला न्हाई म्हनू? पर ती दुखात, म्हनून आमी बोलावलं न्हाई. आन् ती आली न्हाई. न आलेल्याच्या शेतात कसं जायचं?”

मी धावतच परतले. “ताई, उद्या सुमनकाकूंच्या लावणीला चला.”

“माझी रोपं जून व्हत्यात, आन् म्या दुसऱ्याचं लावू?” त्या चिडल्या. मग हळूच म्हणाल्या, “भाऊजी म्हनत्यात, वरीसभर उंबऱ्याभाईर पडू नको.”

“आणि शेत?”

त्या चुलीकडे वळल्या. सकाळी मात्र पदर खोचून, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन निघाल्या. सुमनकाकूंच्या खाचरात बायकांनी सरकून ओळीत जागा दिली. माझी ओळ वाकडी जायला लागली, तसं मला रोपांच्या पेंढ्या वाहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजला जावं लागलं. लेक्चरमध्ये जीव लागेना. कमलताईंच्या लावणीला बायका येतील का? दीर आधीच शेतात उतरला असेल तर? वाडीत फोनला रेंज नाही. पुढच्या खेपेला एसटीतून उतरले ती थेट कमलताईंच्या खाचराकडे पळाले.

बायका ओळीनं वाकल्या होत्या. पुढे पॉवर टिलरनं चिखलणी करत होते दत्तूभाऊ. इर्जिकीला सगळी वाडी आल्यावर सख्ख्या दिराला घरी बसता येतंय होय!

दुपारी कमलताईंनी बांधावर भाकरी सोडली. सगळ्यांदेखत म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या शेतात राबलात. जेवल्याबिगर जाऊ नगा.”

दत्तूभाऊ हात धुऊन मुकाट्यानं पंगतीत बसले.

रोपं जून झाली होती, भात कमीच आला. पण तो कमलताईंच्या घरात आला. माझ्या रिपोर्टवर मॅडमनी शेरा मारला, ‘यात तुमचं काम नेमकं कोणतं?’ मी लिहिलं, ‘पेंढ्या वाहिल्या.’ आता माझ्या हाताखाली विद्यार्थी येतात. तेही आल्या दिवसापासून काहीतरी करायला तडफडतात. मी त्यांना आधी गावात कोण कुणाच्या कामाला जातं, याची चौकशी करायला पाठवते.