ज्वालामुखी, ओझोन आणि अण्णांचे फ्रिज

ज्वालामुखींमुळे ओझोनचं काय होतं, हे शोधण्यावर माझं पोट चालतं. इथे कानडी मुलखात, बनशंकरीतल्या आमच्या मराठी मंडळाला हे कळलं आणि त्यांनी तिळगुळाच्या कार्यक्रमात माझं भाषण ठेवलं. मी आनंदाने हो म्हटलं. मग आठवलं, पहिल्या रांगेत अण्णा बसणार. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले.

त्या काळी दुरुस्तीची रीत सोपी होती. गिऱ्हाइकाच्या अंगणात फ्रिजची नळी कापायची, जुना गॅस हवेत सोडायचा आणि नवा भरायचा. सगळेच मेकॅनिक तसं करत. पंचाईत एवढीच, की माझ्या भाषणातला खलनायक नेमका तोच गॅस होता. अण्णांना चारचौघांत मान खाली घालायला लावणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

सुरुवात झकास झाली. मोठा ज्वालामुखी उसळला की गंधकाचा वायू ढगांच्याही वर जातो, त्याचे बारीक थेंब तिथे तरंगत राहतात, असं मी सांगितलं. जुन्या गॅसमधून वर पोचलेला क्लोरीन एरवी बराचसा निपचित असतो. या थेंबांमुळे तो जागा होतो आणि ओझोन फस्त करतो. तेव्हा एकट्या ज्वालामुखीला बोल लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

एका आजींनी लगेच विचारलं, तो गॅस वर सोडला कुणी? अण्णांकडे न बघता मी "कारखान्यांनी" म्हणून मोकळी झाले. माझीच मला लाज वाटली.

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"कारखान्यांनी केला असंल, सोडला आम्ही. अक्का, तुमच्या फ्रिजचा मीच सोडलाय. तेव्हा ठाऊक नव्हतं."

आजी म्हणाल्या, एकदा नव्हे, दोनदा. मागून कुणीतरी आमचाही म्हणालं, मग आणखी कुणी, आणि बघता बघता अर्ध्या सभागृहाचे हात वर झाले. सगळे पोट धरून हसत होते, अण्णाही. मला मात्र भरून आलं.

हसू ओसरल्यावर अण्णांनी विचारलं, तो गॅस अजून वर आहे का. बराचसा आहे, मी म्हटलं, पण हळूहळू कमी होतोय.

"सरी, बरं. मग ते पण सांग की सगळ्यांना," अण्णा खाली बसत म्हणाले. "तुला शिकवलं ते मला झाकायला नव्हे."