पाळकसाहेब मागच्या बाकावर

चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी पाळणा हलो की कुणाला शेवटचं पोचवायचं असो, पाळकसाहेब हजर. रविवारचा संदेश त्यांचा, इस्पितळातल्या भेटी त्यांच्या, नवराबायकोची भांडणं मिटवणंही त्यांच्याचकडे. उपासनागृहातला तुंबलेला नळसुद्धा ते बाह्या सरसावून स्वतःच मोकळा करत. यातच केस पांढरे झाले. त्यामुळे अनुभवी पाळकांसाठी पुढारीपणाचं वरच्या पायरीचं प्रशिक्षण आहे आणि तुम्हाला जायचंय, असं वरिष्ठांकडून सांगणं आलं, तेव्हा ते उखडलेच. "या वयात मला कोण काय शिकवणार?" म्हणत त्यांनी बॅग भरली.

वर्गात सगळे त्यांच्यासारखेच मुरलेले. शिकवणाऱ्या बाई स्वतः निवृत्त पाळक. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "उद्या तुम्ही अंथरूण धरलंत, तर मंडळीतलं काय काय अडेल?"

साहेबांनी छाती फुगवून सांगायला घेतलं. सांगून संपेचना.

"म्हणजे एकखांबी तंबू," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणसं सांभाळलीत, साहेब. पण उभी किती केलीत?"

कुणी हसलं नाही, तरी साहेबांची कानशिलं तापली. दुपारी त्यांनी घरी फोन लावला. "मी परत येतोय. इथं अपमान करून घ्यायला नाही आलो."

पाळकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, रागवू नका. मंडळीतल्या शिंपीणबाईंनी मागे विचारलं होतं, एखाद्या रविवारी मी बोलू का म्हणून. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. 'बघू' म्हणाले होते, आणि ते बघणं राहूनच गेलं होतं.

साहेबांनी बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. राहायचं तर नीट शिकायचं. चारचौघांत आपल्या चुका बोलून दाखवणं जड गेलं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेणं त्याहून जड. पण ते मागे हटले नाहीत.

परतल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगून टाकलं, "इस्पितळाच्या भेटी तुम्ही वाटून घ्या. महिन्यातून एक रविवार मी बोलणार नाही. सुरुवात शिंपीणबाई करतील."

ज्येष्ठ पंच म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते कडाडले, "लोक तुम्हाला ऐकायला येतात! ही नसती थेरं कशाला? मी नाही येणार त्या रविवारी."

"तुमची जागा राखून ठेवतो, सर," साहेब म्हणाले. निर्णय मात्र बदलला नाही.

त्या रविवारी साहेब शेवटच्या बाकावर बसले. शिंपीणबाईंनी सुरुवात बरी केली, पण थोड्याच वेळात त्यांना पुढचं सुचेना. माना साहेबांकडे वळल्या. त्यांचे पाय उठायला शिवशिवत होते. आपण उठलो तर या बाई बसतील, त्या कायमच्याच, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बाक घट्ट धरला आणि नजर खाली घातली.

बाई घोटभर पाणी प्यायल्या. "माझे हे गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा कितीतरी दिवस मी देवाशी बोलत नव्हते." मग सावकाश, अडखळत, त्याच्याशी पुन्हा बोलणं कसं सुरू झालं ते त्यांनी सांगितलं. संदेश निम्म्या वेळात आटोपला. काहींनी नाकं मुरडली. दाराशी मात्र एका म्हाताऱ्या बाईंनी शिंपीणबाईंचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

"माझ्यावाचून अडलं नाही, ते जरा बोचलं गं," घरी साहेबांनी कबूल केलं.

"बोचू दे," पाळकीणबाई म्हणाल्या. "पुढचा रविवार कुणाला देताय?"

तो लोहारकाम करणाऱ्या पंचांना दिला. ते फारच लांबले, लोक जांभया देऊ लागले. साहेब जागचे हलले नाहीत. मुख्याध्यापकांच्या घरी ते दर आठवड्याला जात, टोमणे ऐकून घेत, सोबत प्रार्थना करत आणि परतत. शेवटी एका रविवारी सर आले, हाताची घडी घालून ताठ बसले. उपासना संपल्यावर त्यांनी साहेबांना गाठलं.

"बोलणाऱ्यांची तयारी अगदीच कच्ची असते. कुणीतरी शिकवायला नको का त्यांना?"

"हवंच की," साहेब म्हणाले. "कधीपासून येताय?"

सरांनी हाताची घडी सोडली. "बुधवारी संध्याकाळी," म्हणाले, "आणि उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही."