भट्टी विझवायला निघालेले भावोजी

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळतात. इस्पितळातल्या साऱ्या चादरी त्यांच्या वाफेवर धुऊन निघतात. माणूस कामाला चोख, पण एकदा डोक्यात काही घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. आमच्या बाबांनी हे लग्नाआधी पाहायला हवं होतं, असं मी भावोजींच्या तोंडावर सांगत आले आहे. ते नुसते हसतात.

त्यांच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. जठराचा मोठा भाग काढावा लागला. काढलेली गाठ तपासायला गेली आणि रिपोर्ट आल्यावर त्याच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. अन्नापासून शक्ती कशी करायची हे पेशींना सांगणारी काही जनुकं असतात, त्या म्हणाल्या. गाठीतली ही जनुकं कशी चालली आहेत ते मोजून जो आकडा येतो, त्यावरून आजार परतण्याचा अंदाज बांधता येतो. पद्धत नवी, अजून अभ्यास चालू आहे, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबायचं नाही. पण भावोजींचे बाकीचे रिपोर्टही तेच सांगत होते: धोका जास्त आहे, औषधांचा कोर्स पुरा करायलाच हवा.

"म्हणजे गाठ साखर भसाभस जाळत होती?" भावोजींनी विचारलं.

"साधारण तसंच."

भावोजींनी मान डोलावली. पुढचं त्यांनी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

औषधं सुरू झाली. हलकं काम मिळाल्यामुळे ते दुपारपुरते कामावरही जाऊ लागले. पण वजन उतरतच गेलं. गालफडं बसली, पँटला दोरी आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. शरीराला झेपणार नाही."

ताईचा जीव टांगणीला लागला. ती भात मऊ करी, अंडी उकडी, सूप गाळून देई. घरी ते दोन घास खाऊन उठत, "दुपारचं अजून पोटात आहे" म्हणत. डबा मात्र रिकामा परत येई.

"माझ्या हाताची चवच गेली गं," ती एकदा म्हणाली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. मला भावोजींचा असा राग आला की विचारू नका.

त्याच आठवड्यात ताईचा पाय मुरगळला, म्हणून डबा घेऊन मी गेले. डबा देऊन निघाले, पण पाण्याची बाटली पिशवीतच राहिली होती म्हणून परत फिरले. बॉयलरशेजारच्या बाकावर चादरींना इस्त्री करणारा गडी बसून ताईचा भात चापत होता. समोर भावोजी दाबाच्या काट्यावर नजर ठेवून बसले होते. गडी चांगला गरगरीत झाला होता. ताईच्या हाताला चव होती तर, फक्त ती भलत्याच अंगाला लागत होती.

"हे काय चाललंय भावोजी?"

गडी डबा ठेवून पसार झाला. भावोजी खाली बघत म्हणाले, "इंधन तोडलं की भट्टी विझते. आयुष्यभर हेच केलंय मी. त्या गाठीचं जे काही उरलं असेल, ते उपाशी मारतोय."

मी भांडले नाही, म्हणजे फारसं नाही. त्यांना हाताला धरलं आणि तशीच वरच्या मजल्यावर घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तो आकडा ज्या गाठीचा, ती तपासणीसाठी मेणात बसवून आमच्या कपाटात ठेवलीय," त्या म्हणाल्या. "ती आता जेवत नाही, काका. पोटात चुकार पेशी उरल्या असतील, तर त्यांच्यासाठी औषध आहे. पण त्या तुमच्या अंगातलंच मांस ओरबाडून जगतील. उपाशी तुम्ही मराल. आणि औषध सोसायचं तुम्हालाच आहे ना?"

"मग आकडा वाईट आला, त्याचं काय?"

"आकडा कुठं लक्ष ठेवायचं ते सांगतो. तुमचं काय होणार हे त्याला माहीत नाही. मलाही नाही."

जिन्यात भावोजी म्हणाले, "तुझ्या ताईला सांगू नकोस." मी म्हटलं, "मी नाही. तुम्हीच सांगा."

त्यांनी सांगितलं. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण दर दोन तासांनी वाटी मात्र पुढ्यात आदळत राहिली. ते खात राहिले. कधी उलटायचं, तोंड धुऊन परत बसायचे. वजन आधी थांबलं, मग हळूच चढलं. एकही डोस चुकला नाही.

परवा कोर्स संपल्यानंतरचा स्कॅन झाला. कुठे काही दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की तपासण्या चालूच ठेवायच्या, धोका सरलेला नाही. आम्हाला ते माहीत आहे. रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. भावोजींनी वाटी निपटून पुसली आणि ताईपुढे धरली.

"अजून थोडं वाढ."

ताईने वाढलं. पळी पातेल्यात ठेवायचं मात्र तिला सुचेना, ती तशीच हातात धरून ते खाताना बघत राहिली.