धम्मदिना आणि गॅसचं बटण

धम्मदिनाला गोदामात सगळे ‘रिवाइंड’ म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं.

टेमघरला आम्ही एकाच चाळीत राहायचो आणि एकाच गोदामात पॅकिंगला होतो. सकाळी साडेसातला टेम्पो नाक्यावर यायचा. मी हाक मारली की ती निघायची, चार पावलं यायची आणि परत आत. गॅसचं बटण चाचपायची, आठ वेळा, मोजून. मध्येच कोणी बोललं की पुन्हा एकपासून.

“घरात मी बसलीय ना? का मेलीय मी?” सासू द्रौपदीबाई ओरडायची.

“बंद आहे हे मला दिसतं गं,” एकदा धम्मदिना मला म्हणाली. “पण हात काढला की वाटतं, बघितलंच नाही. मग घर पेटलेलं दिसायला लागतं.”

“डोळे तपासून घे,” मी म्हटलं आणि हसले.

पुढे ते गोदामातही आलं. खोक्यात चोवीस बाटल्या भरायच्या, चिकटपट्टी लावायची, खोकं पुढे ढकलायचं. ती बंद केलेलं खोकं फाडून परत मोजायची. एका दुपारी तिसऱ्यांदा फाडलं आणि मागे सगळा माल तुंबला. सुपरवायझर विपुलने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

“मॅडमना मोजता येत नाही. चला, सगळ्यांनी शिकवा.”

आम्ही टाळ्या वाजवत मोजायला लागलो. एक, दोन, तीन. हो, मीसुद्धा. सतरावर तिने हातातली बाटली विपुलच्या पायाशी आपटली. शाम्पू सगळीकडे उडाला. आठवडाभर कामावरून बंद.

ती घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. द्रौपदीबाईने आतून कडी लावली. “नाक्यापर्यंत आठ फेऱ्या मार, मग उघडते!” चाळ बाहेर आली. तासाभराने नवरा, ओमकार, ड्युटीवरून आला. त्याने आईला दार उघडायला लावलं, पण आईला बोल लावला नाही. बायकोला म्हणाला, “नाटकं बंद कर आता.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. आल्यावर माझ्या दारात उभी राहिली.

“याला ओसीडी म्हणतात. आजार आहे. तुला नावं ठेवायची हौस आहे ना, म्हणून खरं नाव सांगून ठेवतेय.”

गोळ्या सुरू झाल्या, आणि सराव. बटण एकदाच बघायचं, मोजायचं नाही, निघायचं. भीती वाटली तर वाटू द्यायची. थोड्या वेळाने ती आपोआप उतरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

द्रौपदीबाईला हे कळलं. धम्मदिना उंबरा ओलांडायची आणि आतून आवाज यायचा, “गॅस चालू हाय गं! वास येतोय!” मग हसणं. पहिले दोन दिवस ती धावत परत गेली. तिसऱ्या दिवशी मात्र थांबली. मानेची शीर टरारली होती.

“असू दे चालू,” ती मागे न बघता म्हणाली. “जळलं तर तुम्ही आहात ना आत.”

द्रौपदीबाईचं हसणं तिथेच बंद झालं. टेम्पोत धम्मदिना थरथरत होती, नखं तळहातात रुतलेली. “जळलं असेल का?” तिने विचारलं. मी तोंड उघडलं तशी म्हणाली, “नको सांगूस. विचारलं तरी कोणी उत्तर द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.” गोदाम येईपर्यंत कापरं कमी झालं होतं.

याला सहा महिने झाले. आता ती एकदा बघते, कधी दोनदा. वाईट दिवशी सहावर जाते आणि स्वतःलाच शिव्या घालते. सासू-सुनेचं बोलणं बंद आहे. ताट वाढलं जातं, उचललं जातं, बस. ओमकार दोघींच्या मधे टीव्हीचा आवाज मोठा करून बसतो.

मी एकदा जेवणाच्या सुट्टीत माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी टाळ्या वाजवायला नको होत्या.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तुझा डबा सरकव,” म्हणाली, “मला बसायचंय.”