निळीची दुसरी पुडी

धारूरला आमच्या शेजारच्या काकू नवरात्राआधी घराला स्वतः चुना देतात. सगळी गल्ली डिस्टेंपरवर गेली, काकूंनी बादली सोडली नाही. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात काठी. बोलताना, भांडतानासुद्धा काठी बादलीत फिरतच असते. "हात थांबला की चुना बुडाला बसतोय," म्हणतात.

पूर्वी चुना काकू ढवळायच्या आणि नीळ त्यांची धाकटी जाऊ टाकायची. तिचा हात सैल. दरवर्षी भिंती निळ्या व्हायच्या आणि काकू ओरडायच्या, "घर हाय का आभाळ गं?" जाऊ हसायची, "आभाळच हाय, आक्का."

जाऊ लेकाकडं पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली.

यंदा काकूंनी नीळ टाकली, ढवळली, रंग निरखला आणि दुसरी पुडी फोडली.

"काकू, लई झाली की!" मी आमच्या ओट्यावरून म्हणाले.

त्यांनी तीही बादलीत रिकामी केली. भिंतीवर एक लांब पट्टा ओढला, मागं सरून बघितलं आणि रिकाम्या घराकडं तोंड करून त्या मोठ्यानं ओरडल्या, "घर हाय का आभाळ गं?"

मग त्या तशाच कान देऊन उभ्या राहिल्या. बादलीतली काठी थांबली होती.