शहाळं म्हणजे पाणी नव्हे

सांगलीत नर्सिंगच्या मुलींना पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीर कसं बिघडतं ते, शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे नोट्स कमी आणि किस्से जास्त झालेत. नोट्स मुली झेरॉक्सला नेतात त्या परत येत नाहीत. किस्से मात्र माझ्याचकडे ठेवून जातात!

* * *

पेशीला इजा झाली की जादा मीठ-पाणी बाहेर ठेवणारा तिचा पंप मंदावतो, पाणी आत शिरतं आणि ती फुगते. वेळेत सावरली तर पूर्ववत होते, नाहीतर संपलीच. हे फुगणं डोळ्यांना दिसावं म्हणून मी वाटीभर बेदाणे पाण्यात भिजत घातले आणि जेवायला गेले. येऊन बघते तर वाटी रिकामी!

"पेशी कुठे गेल्या?" मी आवाज चढवला.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, इजा कायमची झाली. आता त्या परत येत न्हाईत!"

ही अश्विनी. तासगावकडची. बेदाणे तिच्याच घरचे, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

बोलण्यात वर्गात पहिली, पण माझ्याच विषयात नापास. तोंडाने सगळं सांगायची, कागदावर इंग्रजीत उतरवायचं म्हटलं की गाडी अडायची. "फेरपरीक्षेतबी नापास झालीस तर घरी यायचं, मग लग्नाचं बघू," असं वडिलांनी सांगून ठेवलेलं. हे सांगताना ती हसली. मला काही हसू आलं नाही.

* * *

काम वाढलं की स्नायू वाढतो. मी उदाहरण विचारलं.

"तालमीतल्या पैलवानाचे दंड!" साताऱ्याची रूपाली म्हणाली.

"आणि काम थांबलं की?"

"त्याच पैलवानाचे लग्नानंतरचे दंड!"

रूपालीचा भाऊ पैलवान आहे आणि नुकतंच त्याचं लग्न झालंय, हे मला नंतर कळलं.

* * *

वॉर्डात शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी मोजावं लागतं. एक आजी लघवी मापात करायला तयारच होईनात. "मोजायला काय डेअरीत घालायची हाय व्हय?"

मी समजूत घालायला पुढे झाले, तोवर अश्विनी म्हणाली, "व्हय आजी, आन् फॅट बी बघणार हाय!"

आजी पोट धरून हसल्या आणि गुपचूप भांडं घेऊन गेल्या. त्या दिवसापासून वॉर्डातल्या मुली त्या भांड्याला डेअरीच म्हणतात.

* * *

आता सुभेदारांचं. सातारा भागातले रिटायर्ड फौजी, राहायला लेकीकडे सांगलीत. हृदय अशक्त झालेलं, म्हणून डॉक्टरांनी पाणी अगदी बेताचं ठरवून दिलेलं. सुभेदार शिस्तीचे, ठरल्यापेक्षा घोटभरही जास्त मागायचे नाहीत. तरी वजन वाढतंय, पायांवर सूज चढतेय! औषध बदलून झालं, काही फरक नाही.

अश्विनी भेटायच्या वेळेत त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसली. बघते तर काय, येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतोय आणि सुभेदार मान राखून प्रत्येकाचं संपवतायत!

"आबा, तुमाला पाणी कमी प्यायला सांगितलंय न्हवं?"

"पाणी कमीच हाय की! शहाळं म्हंजी पाणी न्हवं पोरी, फळ हाय. आन् पाव्हण्याला न्हाई कसं म्हणायचं?"

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. त्या मायेनेच म्हाताऱ्याचा जीव धोक्यात आणला होता. मी असते तर लेक्चर दिलं असतं. अश्विनीने ऑर्डर दिली.

"सुभेदारसाहेब, आजपासनं ही खाट म्हंजी चौकी. डॉक्टरांच्या परवानगीबिगर थेंब आत आला, तर जबाबदार तुमी!"

सुभेदार उठून ताठ बसले. त्या संध्याकाळी शहाळं घेऊन आलेल्या जावयावर ते असे कडाडले, "हॉल्ट!" की जावई दारातच थिजला.

बघता बघता सूज उतरली आणि सुभेदार घरी गेले.

फेरपरीक्षेत नेमका सुजेवरच प्रश्न आला. "काय लिहिलंस?" मी धास्तावून विचारलं.

"सुभेदारांचंच लिवलं मॅडम. शहाळं आत कसं गेलं, पायात कसं उतरलं, समदं. इंग्रजी मोडकं हाय, पण थांबले न्हाई."

निकालादिवशी तिचे वडील न्यायला आले होते, सामानासाठी मोठी पिशवी घेऊन. पोरगी पास झाल्याचं ऐकलं आणि त्यांनी ती पिशवी नीट घडी घालून काखेत मारली. मग डोळे पुसले. मलाही भरून आलं, कशाला लपवू!

तेवढ्यात आमच्याच हॉस्पिटलात तपासणीला आलेले सुभेदार बातमी ऐकून फाटकाबाहेर गेले आणि शहाळी घेऊन आले. एक अश्विनीला, एक मला, एक तिच्या वडिलांना. "घ्या पाव्हणं, न्हाई म्हणायचं न्हाई!"

वडिलांनी शहाळं हातात घेतलं, मग संकोचून आपलंच त्यांच्यापुढे धरलं. "आवं, तुमी बी घ्या की."

सुभेदार खाडकन टाचा जुळवून उभे राहिले. नजर अश्विनीवर.

"मी न्हाई. मी चौकीवर हाय!"