शैलाचा एकच विनोद

शैला गेल्याचं मला फेसबुकवरून कळलं. आमच्या ऑर्केस्ट्राचे जुने निवेदक, जे आता टीव्हीवर परीक्षक म्हणून बसतात, त्यांनी टाकलं होतं, ‘धाकटी बहीण गेली.’ खालच्या फोटोत हे महाशय माइक धरून मधोमध, आणि या मानलेल्या बहिणीचा फक्त एक खांदा आणि अर्धा चेहरा. डोकंच फिरलं माझं.

शैला आमची गायिका, मी ऑक्टोपॅडवर. वसई-विरारच्या सोसायट्यांमध्ये पूजा, नवरात्र, सगळीकडे बरोबर वाजवलं-गायलं. आमच्याकडे एक रीत आहे. निवेदकाने विनोद केला की ऑक्टोपॅडवाल्याने ‘ढिश्श’ असा ठोका द्यायचा. ठोका पडला की लोक बिनधास्त हसतात, नाही पडला तर हसू तोंडातच राहतं. आणि विनोद कायम गाणाऱ्या बाईवर. तिचं वजन, तिचं वय, तिचा सोडून गेलेला नवरा... मी इमानेइतबारे ठोके देत राहिलो. शैला हसून गाणं सुरू करायची. ते हसणं मला खरं वाटायचं, कारण तसं वाटणं सोयीचं होतं.

मग बोळिंजच्या एका सोसायटीतला तो कार्यक्रम. शैला माइककडे निघाली तसे हे निवेदक महाशय म्हणाले, “स्टेज मजबूत आहे ना रे? शैलाताई येतायत!” मी ठोका दिला. ती माइकवर शांतपणे म्हणाली, “स्टेजची काळजी नको, दादा. तुमचा टोप सांभाळा, वारं सुटलंय.”

बायकांच्या रांगेतून हसू फुटलं. निवेदकाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात वरच थांबला. हसू विरलं. मग हे म्हणाले, “बाईमाणसाने पातळी सोडू नये.” त्यावर मात्र मी ठोका दिला! पुढे त्यांनी आयोजकांना ‘उद्धट बाई’ म्हणून सांगितलं, आणि शैलाची कामं बंद झाली. टोपावर बोलली म्हणून ती असभ्य. तिच्या नवऱ्यावर बोलणारा मात्र हजरजबाबी, त्याला पुरस्कार. शोकसभेतही हेच गृहस्थ स्त्रीसन्मानावर बोलले. लोकांनी डोळे पुसले. मला शिसारी आली, त्यांची आणि माझीही.

परवा तुळिंजला तिच्या घरी गेलो. शेवटची वर्षं ती बाहेरच्या खोलीत मुलींना गाणं शिकवायची. सतरंजी अजून अंथरलेली होती, हार्मोनियमवर धुतलेला रुमाल. तिच्या मुलीला, मानसीला, म्हटलं, “त्या दिवशी आईच्या विनोदाला मी ठोका दिला नाही. घाबरलो मी.”

ती गोंधळली. “पण काका, आई तर सांगायची, तुमचा हात दुखावला होता त्या दिवशी. म्हणून ठोका राहिला म्हणे.”

माझ्या हाताला काहीही झालं नव्हतं.